ऑक्टोबरचं चर्च-शिबिर: सहा महिन्यांनंतर काय उरलं

मागच्या ऑक्टोबरात आमच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांना मंडळीच्या युवक गटाबरोबर बर्कशायरच्या डोंगरात शिबिराला धाडलं. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. इकडे त्याला फॉल रिट्रीट म्हणतात. तो परतला त्याच रात्री अनुभव लिहायला बसले होते, पण कपडे धुण्यात राहून गेलं. बरंच झालं. तेव्हा पाचपैकी पाच तारे दिले असते आणि त्यातले निम्मे चुकीच्या गोष्टीसाठी.

आम्ही मूळचे नगरचे (आता अहिल्यानगर, पण घरात जीभ वळत नाही), राहतो मॅसेच्युसेट्समध्ये, वूस्टरच्या आसपास. शिबिराचं नाव देत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे.

आधी सामानाचं बोलू, कारण पहिल्यांदा पाठवणारे आईबाप तिथेच फसतात. केबिन म्हणजे फळ्यांची खोली, दहा बंक, हीटर नाही. आम्ही उन्हाळ्यातली, ४० अंश फॅरनहाइट लिहिलेली स्लीपिंग बॅग दिली. शनिवारी पहाटे पारा ३४ वर होता, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम १ अंश. शिवाय बॅगेवरचा आकडा बहुतेक वेळा सुखाच्या झोपेचा नसतो, कसंबसं निभावण्याचा असतो. २० अंश फॅरनहाइटची घ्या. नसेल तर आत घालायला एक जाड ब्लँकेट द्या. आज्जीने विणलेली कानटोपी "मित्र हसतील" म्हणून त्याने तीनदा बॅगेतून काढली होती आणि मी चौथ्यांदा तळाशी कोंबली होती. दोन्ही रात्री ती डोक्यावरून उतरली नाही, हे मला जानेवारीत कळलं.

खाऊ म्हणून दिलेला चिवडा दारातच जप्त झाला. शेंगदाणे! नियमांच्या कागदावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. रविवारी डबा नावाची चिठ्ठी लावून जसाच्या तसा परत मिळाला. औषधांचंही तसंच: मूळ बाटलीत, लेबलासकट, नर्सच्या हातात. सुटी गोळी चालत नाही. या शिस्तीला माझे पूर्ण गुण.

गोचिडीला मात्र कोणी गुण देत नाही. थंडी पडली की किडे संपले असं आपल्याला वाटतं. पण लाइम रोग पसरवणाऱ्या हरणांवरच्या पूर्ण वाढलेल्या गोचिडी या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जोरात असतात. (रोगाला नाव मिळालं तेही शेजारच्या कनेटिकटमधल्या लाइम गावावरून.) घरी आल्यावर गुडघ्यामागे एक सापडली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढली. ती फुगलेली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी औषध न देता महिनाभर चट्टा किंवा ताप येतो का ते पाहायला सांगितलं. काही झालं नाही. पण आल्या आल्या काखा, जांघा, गुडघ्यामागे आणि केसांत बघा. मुलगा कितीही ओरडला तरी.

कार्यक्रम नेहमीचाच होता. तळ्यावर कनू, धनुष्यबाण, दोरांवरच्या कसरती, गागा बॉल नावाचा अष्टकोनी कुंपणातला धुमाकूळ, पाळीपाळीने टेबलं पुसणं. पानं अगदी रंगात आली होती, पण चौदा वर्षांच्या मुलाला पानं दिसत नाहीत. फोन शुक्रवारी गोळा केले ते रविवारीच दिले. त्रास त्याला कमी आणि मला जास्त झाला.

आता शनिवारची रात्र. शेकोटी, गिटार, दिवसभराचा थकवा, आणि मग "आज प्रभूला आयुष्य देणार त्यांनी उभं राहा." सगळे उभे राहिले, सगळे रडले. हाही. घरी आल्यावर रोज तासभर पवित्र शास्त्र वाचायचं ठरलं. थँक्सगिव्हिंगपर्यंत ते पंधरा मिनिटांवर आलं, नाताळनंतर बंद. यांना वाईट वाटलं. मला नाही. थकलेल्या, झोप न झालेल्या पोरांना अंधारात गाणी म्हणून रडवणं अवघड नसतं. आमच्या नगरच्या तरुण संघाच्या शिबिरातही हेच व्हायचं, फक्त गिटारच्या जागी पेटी असायची. त्या अश्रूंना मी खोटं म्हणत नाही, पण त्यांच्या जोरावर पुढच्या वर्षीची फी भरू नका.

टिकलं ते वेगळंच. त्याच्या छोट्या गटातली चार पोरं दर रविवारी रात्री वीस मिनिटं व्हिडिओवर भेटतात. एप्रिल उजाडला तरी चालू आहे. काय बोलतात ते मी विचारत नाही.

आणि दुसरं निघालं त्या तक्रारीतून. रविवारी सकाळी पाहुण्या वक्त्याचं मिशनकार्यावर भाषण झालं. "अंधारात बसलेल्या लोकांपर्यंत" अमेरिकेतून तरुण कसे गेले, वगैरे. याने हात वर केला आणि म्हणाला, "त्यातले काही लोक आम्ही आहोत." वक्ते हसले आणि पुढे गेले. गाडीत बसल्यावर हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

यांनी काही न बोलता गाडी विल्यम्सटाउनकडे वळवली. तिथे विल्यम्स कॉलेजच्या आवारात संगमरवरी स्तंभ आहे, वर पृथ्वीचा गोल. १८०६ च्या ऑगस्टमध्ये वादळात सापडलेल्या पाच विद्यार्थ्यांनी गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना केली, त्याची ही खूण. त्यातूनच पुढे १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड, म्हणजे परदेशात मिशनरी पाठवणारी संस्था, उभं राहिलं. त्याच कॉलेजात शिकलेला मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला. कंपनी सरकार त्याला परत पाठवायला निघालं होतं. १८३१ पासून नगरला मिशनचं ठाणं झालं. मी एवढं सांगितल्यावर पोरगा म्हणाला, "मग अंधार कुठे होता?" मला उत्तर सुचलं नाही.

ते आज्जीकडे होतं. रविवारच्या फोनवर त्याने विचारलं तर त्या म्हणाल्या, "अंधार नव्हता रे बाळा, शाळा नव्हती. आपल्याला बसू देत नव्हते." मग फॅरारबाईंची गोष्ट आली: अमेरिकेतून आल्या, नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाई त्यांच्याकडे शिकवायचं शिक्षण घ्यायला आल्या, आणि बाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. तेव्हापासून दर रविवारी आज्जींना एक प्रश्न असतो. मागच्या आठवड्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांचं ख्रिस्ती भजन म्हणून दाखवायला लावलं आणि इथे टेबलावर ताल धरला. शिबिरातल्या ड्रमपेक्षा बरा होता.

मी शिबिराला पत्र लिहिलं: जागा चांगली, मुलांची काळजी उत्तम, वक्त्याला मात्र समोर कोण बसलंय ते आधी सांगत जा. सभ्य उत्तर आलं, "आम्ही विचार करू." यंदाच्या नावनोंदणीचा फॉर्म परवा आला. पोरगा जायचं म्हणतोय. २० अंशांची बॅग मार्चच्या सेलमध्ये घेऊन ठेवलीय, आणि या वेळी चिवडा चुरमुऱ्यांचा, शेंगदाण्याशिवाय.