शिरोलीचा कॉम्प्युटर शुक्रवार पेठेत

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की आमच्या घरात दोन कामं सुरू होतात. सासूबाई लोणच्याच्या बरण्या माळ्यावर चढवायला लावतात आणि मी शिरोलीतल्या ज्या फौंड्रीचे, म्हणजे ओतकाम कारखान्याचे, हिशेब बघते तिच्या मालकांना फोन लावते. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. त्याच्याही वर बरंच चढलं की शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली जातो. मग मी नदीच्या या अंगाला आणि माझं टेबल त्या अंगाला.

२०१९ च्या ऑगस्टात नेमकं पगाराच्या तोंडावर पाणी आलं. टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, हजेरी, ओव्हरटाइम, सगळं शिरोलीतल्या एकाच कॉम्प्युटरवर. पगार तर ७ तारखेच्या आत व्हायला पाहिजे. शेवटी आठवणीनं वहीत यादी केली आणि अंदाजानं उचल दिली. कुणाला जास्त गेली, कुणाला कमी, ते जुळवता जुळवता दिवाळी आली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच तमाशा. तेव्हाच ठरवलं, ऑफिसचा कॉम्प्युटर घरून चालवता आला पाहिजे.

आता वर्षभर त्यासाठी गुगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरतेय, त्याचा हा अनुभव. पण त्याआधी दोन ठेचा खाल्ल्या, त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली ठेच म्हणजे ओळखीतला एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. आला, चहा घेतला आणि म्हणाला, "राउटरमध्ये ३३८९ नंबरचं पोर्ट उघडून देतो, पंधराशे द्या." मी होकार देणार, तेवढ्यात माझ्या जावेच्या पोराला फोन लावला. तो पॉलिटेक्निकला आहे. म्हणाला, "काकू, चोर रोज गल्लीतनं तेवढंच एक दार हलवून बघत फिरतात आणि तुम्ही ते सताड उघडं ठेवायला निघालाय." विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपचं ते पोर्ट. ते इंटरनेटवर उघडं सापडलं की पासवर्ड फोडायचा आणि सगळ्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागायची, हा त्यांचा धंदाच आहे. वर आमच्या मशीनवर विंडोज होम. त्यात ती सोय मुळात नसतेच, प्रो लागतं. गड्यानं मशीन उघडून न बघताच भाव सांगितला होता.

दुसरी ठेच एका फुकट अ‍ॅपची. फुकट ते घरगुती वापरापुरतं. ऑफिसचा वापर वाटला की चार-पाच मिनिटांत जोडणी तोडून पैशाची पाटी दाखवायचं. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, पण व्हाउचर अर्धं भरलं असताना पाटी आली की जीव वरखाली होतो.

क्रोमचं प्रकरण त्या मानानं सरळ निघालं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक छोटं सॉफ्टवेअर बसवायचं, मशीनला नाव द्यायचं, किमान सहा आकडी पिन ठेवायचा. घरच्या लॅपटॉपवर तेच गुगल खातं उघडलं की नाव दिसतं, पिन टाकला की ऑफिसची स्क्रीन समोर. राउटरला हात लावावा लागत नाही, विंडोज होमवरही चालतं, पैसे शून्य. खातं मात्र माझं घरचं वापरलं नाही. फर्मसाठी वेगळं काढलं आणि त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली. उद्या मी नोकरी सोडली तर चावी माझ्याबरोबर जायला नको.

खरी मेहनत पुढं होती आणि ती कुठल्याच व्हिडिओत नीट सांगत नाहीत. पहिल्या सोमवारी कारखान्याला सुट्टी, मी घरून जोडायला गेले तर मशीन ऑफलाइन. अर्ध्या तासानं वापर नाही म्हणून झोपलेलं. स्लीप कायमचं बंद केलं. पुढच्या सोमवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली, आली, पण कॉम्प्युटर बंदच. बटण दाबायला कोण जाणार? जावेच्या पोरानं मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" ऑन केलं. आता लाइट आली की मशीन आपणहून उठतं आणि विंडोजचा पासवर्ड मी घरून टाकते. यूपीएसची बॅटरी बदलली आणि राउटरही त्याच यूपीएसवर घेतला. कॉम्प्युटर जिवंत आणि राउटर मेलेला, तर काय उपयोग?

आणि एक फजिती, पूर्ण माझी. पहिल्याच महिन्यात घरून पगारपत्रक उघडून बसले होते. दहा मिनिटांत डिस्पॅचच्या आप्पांचा फोन. "मॅडम, माउस आपोआप फिरायलाय आणि कुणाचा किती पगार ते हितं सगळ्यांस्नी दिसायलंय." मोल्डिंगची चार पोरं माझ्या टेबलाभोवती उभी! हे सॉफ्टवेअर तिथलीच स्क्रीन आपल्याला दाखवतं, त्यामुळं तिकडं बसलेल्यालाही सगळं दिसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पडदा टाकायची सोय आहे, पण तिला पुन्हा विंडोज प्रो लागतं आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, हात घालावा लागतो. मी आता निघताना मॉनिटरचं बटण बंद करते. त्यावर चिकटपट्टी लावलीय, "हात लावू नये".

रोजच्या कामाला कसं आहे? टॅली सगळी कीबोर्डवर चालते, त्यामुळं लॅपटॉपवर झकास. मोबाइलवर अ‍ॅप आहे, पण बोटानं व्हाउचर भरणं म्हणजे चिमट्यानं भात खाणं. शिल्लक बघण्यापुरतं ठीक. पावसात नेट मंदावलं की अक्षरं दोन घटका मागून उमटतात. प्रिंट घरच्या प्रिंटरवर येत नाही, फाइल उतरवून घ्यावी लागते. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन घरी लावून ऑफिसच्या मशीनला दिसत नाही. आमची प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच मालकाची फर्म, जीएसटीचं ओटीपीवर भागतं. कंपनीवाल्यांनी हे आधी बघावं.

ऑफिसात प्रिंट निघण्याचा मात्र फायदाच झाला. रविवारी रात्री गाडी भरायची असली की मी स्वयंपाकघरातनं ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा कागद, काढते, प्रिंट शिरोलीत पडतो आणि आप्पा ड्रायव्हरच्या हातात देतात. पूर्वी एवढ्यासाठी मला पूल ओलांडावा लागायचा.

शेवटचं, ऑफिसातल्या सगळ्यांना बजावलेलं. बँकेतनं बोलतोय म्हणून कुणी असलं अ‍ॅप टाकायला लावून त्यातल्या कोडचे आकडे विचारले तर फोन ठेवायचा. रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच असल्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. आमच्या मालकांना तसा फोन आलाच. "कोड माझ्या अकाउंटंटबाईंकडं असतोय," म्हणून त्यांनी माझा नंबर दिला. तो भामटा काही मला फोन करायच्या फंदात पडला नाही.

पाचपैकी चार तारे. एक मॉनिटरवरच्या चिकटपट्टीसाठी कापला.