सायलेन्सरच्या जागी डिझेलचा टर्बो: आठ महिन्यांनंतरचे परीक्षण

बोनेटखाली हात घालायलाही जागा नसलेल्या १.६ लिटरच्या साध्या पेट्रोल गाडीला माफक खर्चात टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारे यंत्र, बसवायचा, असे ठरवल्यावर माझ्यापुढे दोनच मार्ग उरले. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणारा नळ, नव्याने घडवून घेऊन इंजिनाशेजारची निम्मी सामग्री हलवायची, किंवा टर्बो सरळ गाडीच्या मागे, सायलेन्सरच्या जागी टांगायचा. मी दुसरा मार्ग धरला. टर्बो एका डिझेल पिकअपवरून उतरवलेला, जुना. पाइप, सिलिकॉनचे जोड, क्लॅम्प आणि तेल परत खेचणारा १२ व्होल्टचा पंप ‘कोणत्याही गाडीला चालेल’ असे छापलेल्या एका स्वस्त संचातला. हे परीक्षण या दोन्हींचे आहे.

टर्बोबद्दल तक्रार नाही. जुना टर्बो घेताना शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा. बेअरिंग कोरडे असताना तो बाजूंना किंचित हलतो आणि अनेक जण तेवढ्यावरून माल नाकारतात. वास्तविक तेलाचा थर धरण्यासाठी ती फट मुद्दामच ठेवलेली असते. मागेपुढे मात्र तो बोटाला जाणवेल इतका हलता कामा नये, आणि पात्यांची टोके घरावर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, घासल्याची चकाकी कुठेही दिसता कामा नये. डिझेलचा टर्बो पेट्रोलच्या गाडीत जळून जाईल, ही भीती मला बऱ्याच जणांनी घातली. ती निराधार नाही, कारण पेट्रोल इंजिनाचा धूर डिझेलपेक्षा बराच तापलेला असतो. हलत्या पात्यांचा, म्हणजे चाकाभोवतालची पाती कमी-जास्त वळवून धुराचा झोत बदलणारा टर्बो त्यात टिकावा म्हणून पोर्शेला २००६ च्या ९११ टर्बोमध्ये खास उष्णतारोधक मिश्रधातू वापरावे लागले होते. म्हणून मी हलत्या पात्यांचा टर्बो टाळून साधा, वेस्टगेट (जास्तीचा धूर बाजूने सोडून देणारी झडप) असलेला घेतला. शिवाय धूर मागे पोहोचेपर्यंत पुष्कळ निवतो, त्यामुळे डिझेलच्या टर्बोला ही जागा मॅनिफोल्डपेक्षा मानवते. निवलेला धूर आकसतो आणि त्याचा जोर घटतो, हा त्याचा तोटा. टर्बाइनचे, म्हणजे धुराने फिरणाऱ्या चाकाचे, घर लहान निवडणे आणि इंजिनाकडून टर्बोकडे येणाऱ्या धुराच्या पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळणे, हे दोन्ही त्यासाठीच करावे लागते.

दाबलेली हवा मागच्या टर्बोकडून पुढे इंजिनाकडे पाइपने न्यावी लागते. ‘एवढा लांब पाइप भरेपर्यंत गाडी झोपेल’ हा दुसरा आक्षेप मात्र हिशेबात टिकत नाही. ५० मिलिमीटर व्यासाच्या ३ मीटर पाइपमध्ये सुमारे ६ लिटर हवा मावते आणि ०.४ बार बूस्टसाठी, म्हणजे वातावरणापेक्षा तेवढ्या जास्त दाबासाठी, त्यात आणखी अडीच लिटरच्या आतबाहेर हवा कोंबावी लागते. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर १.६ लिटरचे इंजिन सेकंदाला सुमारे ४० लिटर हवा ओढत असते. पाइप भरण्यात क्षणही जात नाही. उशीर होतो तो टर्बाइन गती घेण्यात, आणि माझ्या गाडीत तो २६०० फेऱ्यांच्या खाली स्पष्ट जाणवतो. त्यावर मात्र गाडी सरळ, न अडखळता ओढते, आणि ही ओढ मला नव्या इंजिनासारखी वाटते.

हाच पाइप गाडीखालच्या वाऱ्यात हवा थंडही करतो. ३० अंशांची हवा १.४ पट दाबली की साधारण कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातून) ती ७५ अंशांच्या पुढे तापून निघते, म्हणजे दाब ४० टक्के वाढूनही हवेचे वस्तुमान २० टक्क्यांच्या आसपासच वाढते. तीच हवा ५० अंशांवर आली तर वाढ ३० टक्क्यांवर जाते. थ्रॉटलजवळ तापमापक लावून पाहिला, तेव्हा चालत्या गाडीत आकडा ५० च्या जवळपासच राहिला. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा खर्च वाचला, तो असा.

आता संचाकडे वळतो. टर्बो मागे टांगला की तो इंजिनाच्या तळाशी तेल साठणाऱ्या चेंबरपेक्षा खाली जातो, आणि त्यातून निघालेले तेल आपल्या वजनाने परत येऊ शकत नाही; ते पंपानेच खेचावे लागते. टर्बोमधले सील म्हणजे रबरी सील नव्हेत, पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, आणि तेल खालून मोकळे निघून जात असेल तरच त्या ते रोखू शकतात. तिसऱ्या आठवड्यात एका सिग्नलवर मागच्या गाड्या निळ्या धुरात दिसेनाशा झाल्या. टर्बो गेला, असे समजून मी तो उतरवला, तर शाफ्ट ठणठणीत होता. संचातल्या पंपाचे रबरी डायफ्रॅम गरम तेलाने फुगून मऊ झाले होते. नखाने दाबले की खळगा तसाच राहायचा. तो पंप थंड द्रवासाठी बनवलेला असावा, असे माझे मत आहे. गरम तेलासाठीच बनवलेला गिअर पंप घेतला आणि धूर थांबला. त्या एका पंपाला टर्बोपेक्षा जास्त पैसे पडले.

संचातल्या पाइपांची टोकेही सपाट होती. टोकाला उठावदार कडा नसेल तर क्लॅम्प कितीही आवळला तरी तेलकट झालेला सिलिकॉनचा जोड बूस्टखाली सटकतो. माझा दोनदा सटकला. शेवटी वेल्डिंगवाल्याकडून प्रत्येक टोकाला वेल्डिंगची बारीक कडा फिरवून घेतली. क्लॅम्प मात्र दणकट आहेत, हे नमूद करायला हवे.

इंधनाच्या बाबतीत संचासोबत दाब वाढवणारा रेग्युलेटर येतो आणि तेवढ्यावर भागेल, असे त्यावर लिहिलेले असते. ते खरे मानू नये. इंजेक्टरमधून जाणारे इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ३० टक्के जास्त इंधन हवे तर दाब जवळजवळ १.७ पट करावा लागतो, आणि त्या दाबाला मूळ पंप धापा टाकतो. त्यातच टर्बो नसलेल्या गाडीचा दाबमापक सेन्सर वातावरणाच्या दाबापुढे मोजतच नाही, त्यामुळे बूस्ट आला आहे याची संगणकाला वार्ताही नसते. मी मोठे इंजेक्टर, जास्त पल्ल्याचा सेन्सर आणि वेगळा संगणक घेतला, धुरातला ऑक्सिजन बारकाईने मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून बूस्टखाली हवा-इंधनाचे गुणोत्तर १२ च्या खाली ठेवले, इग्निशन मागे घेतले, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडली, आणि प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, बसवले. काटकसर इथे केली असती तर पिस्टन गेला असता.

किरकोळ बाबींमध्ये, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पोकळीच्या) हवानळीत एकमार्गी झडप घालायला मी विसरलो होतो आणि बूस्टने डिपस्टिक (तेलाची पातळी पाहण्याची पट्टी) वर उचलली गेली. हवेचा फिल्टर जमिनीलगत न ठेवता डिकीच्या पोकळीत उंच घेतला, नाहीतर पहिल्याच साचलेल्या पाण्यात इंजिन पाणी प्यायले असते. इंधनाच्या टाकीकडे उष्णतारोधक पत्रा लावल्याशिवाय गाडी चालू करू नये. असा बदल नोंदणी आणि विम्यात मान्य होतो का, हे कामाला हात घालण्यापूर्वी विचारून घ्यावे.

टर्बोला मी पाचपैकी साडेचार गुण देतो, संचाला दोन. पंप बंद पडताच बूस्ट तोडणारा स्विच अजून बसवायचा राहिला आहे, आणि तो बसेपर्यंत ही गाडी मी लांबच्या प्रवासाला काढत नाही.