घरासाठी घेतलेली ०.३२ रिव्हॉल्व्हर : अठरा महिन्यांच्या वापरानंतर

घोड नदीच्या काठी, गावापासून दीड किलोमीटर आत, उसाच्या मळ्यात आमची वस्ती आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी परवान्यावर कानपूरची ०.३२ बोअरची, सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर घेतली. या अठरा महिन्यांत नेमबाजीच्या सरावाच्या रेंजबाहेर तिच्यातून एकही गोळी सुटलेली नाही. तरीही लिहावेसे वाटले, कारण विकत घेताना ज्या गोष्टींचा मी काथ्याकूट केला त्या पुढे गौण ठरल्या आणि ज्यांचा विचारही केला नव्हता त्यांनीच सगळा वेळ खाल्ला.

घरात वडिलांची बारा बोअरची दुनळी आधीपासून होती. परवानाधारकाने सत्तरी गाठली असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले असेल, तर ते हयातीतच वारसाच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे आणि त्या सोयीने दुनळी माझ्याकडे आली. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, तेव्हा उरलेली एकच जागा विचारपूर्वक भरायची होती. दुनळी असताना आणखी कशाला, हा वडिलांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मला मोकळी बंदूक घेऊन रात्री घरातून एकदा चालल्यावर मिळाले. तीस इंची नळी माजघरातून ओसरीवर येईपर्यंत दोनदा चौकटीला आपटली आणि दोन्ही हात बंदुकीत गुंतल्याने बॅटरी धरायला किंवा कडी काढायला हात उरला नाही. छर्रे पसरतात, त्यामुळे नेम धरावा लागत नाही, ही समजूत पुढे रेंजवर मोडली. पाच पावलांवरून झाडलेल्या एस.जी. (मोठ्या छऱ्यांच्या) काडतुसाने पुठ्ठ्याला जेमतेम मुठीएवढे भोक पाडले.

रिव्हॉल्व्हरमध्ये तीन पर्याय पाहिले. ‘निर्भीक’ २०१४ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची किंमत १,२२,३६० रुपये होती. वजन सुमारे ५०० ग्रॅम. २०२३ ची ‘प्रबळ’ गोळ्यांचे चक्र बाजूला काढून भरता येणारी आहे. मी मात्र जुन्या घडणीची, बिजागरीवर दुमडून उघडणारी, सुमारे ७०० ग्रॅम वजनाची निवडली. उघडली की सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात आणि ती भरलेली आहे की मोकळी, हे अंधुक प्रकाशातही दिसते. वजन जास्त असल्याने झटका हातातच जिरतो. घरात ठेवायच्या शस्त्राला हलकेपणाचे फारसे मोल नाही, हे माझे मत आजही बदललेले नाही. (पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न असतो, ‘बिबट्यासाठी घेतली का?’ नाही. बिबट्यासाठी गोठ्याला जाळी आहे.)

परवान्यासाठी शस्त्र-सुरक्षेच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, ते मी घेतले होते. पण प्रमाणपत्र म्हणजे सराव नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळले. सात मीटरवरून बारा गोळ्यांपैकी चार कागदावर लागल्या, त्याही डावीकडे खाली. मी दोष शस्त्राला देऊ लागलो. रेंजवरचे प्रशिक्षक निवृत्त हवालदार आहेत. त्यांनी काही न बोलता रिव्हॉल्व्हर घेतली, माझ्याकडे पाठ करून भरली आणि परत दिली. दोन बार झाले. तिसऱ्यांदा मी चाप दाबला, तर नुसता ‘टक’ असा आवाज आला, कारण चक्राच्या त्या घरात त्यांनी डमी काडतूस घातले होते. बार झालाच नव्हता, तरी नळीचे तोंड चांगले दोन बोटे खाली गेले, ते मला स्वतःला दिसले. ‘दादा, बंदूक बरोबर आहे. तुमचा हात आवाजाच्या आधीच दचकतो,’ एवढेच ते म्हणाले.

तेव्हापासून रोज रात्री दहा मिनिटे कोरडा सराव करतो. खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची, चक्र उघडून दोनदा पाहायचे, डमी भरायची आणि तोंड दगडी भिंतीकडे ठेवून चाप दाबायचा. घोडा आधी न चढवता चाप ओढायला बोटाला बराच जोर लागतो आणि नेम बिघडतो तो तिथेच. नळीवर ठेवलेले रुपयाचे नाणे न पडता घोडा पडू लागायला मला सात आठवडे लागले. सहा महिन्यांनी बारापैकी दहा गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळात जाऊ लागल्या. परवान्यावर वर्षाला काडतुसे मोजकीच मिळतात, त्यामुळे खऱ्या गोळ्यांवर हात बसवण्याची चैन परवडत नाही.

त्याहून अवघड सराव घरातला होता. बिछान्यातून उठून, भिंतीतली तिजोरी उघडून, शस्त्र भरून दाराआड उभे राहायला पहिल्या दिवशी ४८ सेकंद लागले, कारण चष्मा सापडला नाही. बटणांच्या कुलपाची बॅटरी पावसाळ्यात एकदा न सांगता संपली, म्हणून मी साध्या किल्लीवर आलो. आता १७ सेकंद लागतात. आम्ही दोघे नवरा-बायको घरभर फिरून गोळी कोणत्या बाजूला कधीच झाडायची नाही, ते ठरवले. पडवी पत्र्याची आहे आणि मुलांच्या खोलीचे दार प्लायवूडचे, ०.३२ ची गोळी दोन्हींतून सहज पलीकडे जाते. या हिशोबात झाडता येईल अशी एकच दिशा उरली, जिन्याखालची दगडी भिंत. हे कळण्यासाठी शस्त्र घ्यावे लागले, याचे मला आजही नवल वाटते.

खरी परीक्षा डिसेंबरमध्ये झाली. रात्री दीडच्या सुमारास कुत्रा भुंकू लागला आणि खिडकीतून विहिरीवर दोन बॅटऱ्या हलताना दिसल्या. मोटरीची केबल कापत होते. तिजोरी हाताशी होती. मी फोन उचलला. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. तो जीव घेण्यापर्यंत कधी जातो हे सांगणाऱ्या कलम ४१ मध्ये रात्रीची घरफोडी येते, पण दोनशे मीटरवरच्या विहिरीवरील केबलची साधी चोरी म्हणजे कुणाचा जीव घेण्याचे कारण नव्हे, आणि पोलिसांची मदत मागायला वेळ असेल तर तो हक्कच उरत नाही, असे कलम ३७ सांगते. ११२ ला कळवले, मग ग्रामसुरक्षा यंत्रणेला फोन लावून आवाज नोंदवला. गावभर एकाच वेळी फोन वाजले आणि पंधरा मिनिटांत वीस-पंचवीस मोटारसायकली मळ्याच्या रस्त्याला लागल्या. चोर साठ फूट केबल अर्धवट कापून टाकून पळाले. ‘दुनळीचा एक बार हवेत काढायचा होता,’ असे वडील सकाळी म्हणाले. निष्काळजीपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना समजावायला चहाचे दोन कप लागले. पटले असे नाही.

तक्रारी दोनच. सोबत घेतलेल्या चामडी म्यानात रिव्हॉल्व्हर ठेवली, तर श्रावणात चक्राच्या कडेला तपकिरी ठिपके उठले. चामडे ओल धरते, हे दुकानदाराने सांगायला हवे होते. आता ती तेलाच्या फडक्यात असते. दुसरी तक्रार एका जुन्या साठ्यातील काडतुसांची, ज्यांतली दोन रेंजवर फुसकी निघाली. तो डबा मी सरावातून बाद केला.

घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट हिशोबात धरावी. लोकसभेच्या आचारसंहितेत मार्च ते जून २०२४ आणि विधानसभेच्या वेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मला दोन्ही शस्त्रे जमा करण्याची नोटीस आली. म्हणजे अठरापैकी सुमारे चार महिने घराच्या रक्षणाला पोलीस ठाण्याची पावती होती. निवडणुका पुढेही येतच राहणार. म्हणून या आठवड्यात सुताराकडून ओसरीच्या दाराला आतून सागवानी अडसर बसवून घेतला आणि विहिरीवरच्या दिव्याची तार जमिनीखालून ओढली.