नायगाव मयूर अभयारण्य: निवांत चालायला लई भारी, फक्त टायमिंग सांभाळा

दम लागेल असा चढ नको, घरातली मोठी माणसं नि लेकरं पण सोबत चालली पाहिजेत आणि गर्दी नको, असं ठिकाण मराठवाड्यात कुठंय म्हणून कुणी विचारलं की मी सरळ नायगाव सांगतो. बीडहून मांजरसुंबा जवळपास 20 किमी, तिथून पाटोदा रोडला लागायचं. 1994 चं अभयारण्य आहे, साधारण 30 चौरस किमी, तेवढ्यात निम्म्या दिवसाचं चालणं आरामात होतं.

आधीच सांगतो, हिरव्यागार झाडीची अपेक्षा धरून जाऊ नका. हा बालाघाटचा पर्जन्यछायेतला माळ आहे, बाभळी, बोरी, तरवड, गुडघ्याएवढं वाळलेलं गवत आणि दगड. बरीच माणसं गाडीतनंच बघून ओसाड म्हणतात नि पुढं जातात, मला ते खरंच पटत नाही, कारण उजाडताना शांत चालत गेलं की याच माळावर तितर ओरडत असतात, चंडोल वर चढत असतो, ससा पायातनं पळतो आणि मोर तर आधी ऐकू येतो, मग दिसतो. मोराला असंच उघडं, काटेरी, मधीमधी दाट झुडपाचं रान मानवतं.

कधी जायचं हे मोर कसा बघायचाय त्यावर आहे. पिसारा नि नाच बघायचा तर पहिला पाऊस पडून गेल्यावर, जून-जुलै, तो त्यांचा जोडीचा काळ. पावसाळा संपत आला की पिसं गळून जातात, मग दिवाळीनंतर गेलात तर मोर दिसतील पण आखूड शेपटीचे, तेव्हा नाराज होऊ नका. चालण्यासाठी मात्र नोव्हेंबर ते जानेवारीच बेस्ट, थंडी असते आणि चिखल नसतो. एप्रिल-मे मधी चाळिशीच्या वर पारा असताना लेकरं घेऊन जाऊच नका, सावली जवळपास नाहीच, अर्धा स्टार मी त्याच्यापायीच कापलाय.

हिवाळ्यात पण सूर्य उगवायच्या आत तिथं पोचा नि अकराच्या आत चालणं संपवा. ऊन तापलं की पक्षी झुडपात शिरतात, मग दिसत काहीच नाही नि आपलीच तहान वाढत जाते. पाणी माणशी 3 लिटर तरी घरून न्या, आत पाणवठे असले तरी ते जनावरांचे, तिथं बसून डबा खाऊ नका, तुम्ही बसलात तर मोर तासभर पाण्यावर येत नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही एवढं बांधून न्यायचं आणि प्लास्टिक परत आणायचं.

चप्पल, सँडल नकोच, घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड पँट घाला. कुसळं सॉक्समधी घुसली की दर दहा पावलाला थांबावं लागतं. शिवाय असल्या खडकाळ माळावर फुरसं हा विषारी साप असतो, म्हणून दगड उचलायचे नाहीत आणि पायवाट सोडायची नाही. पावसाळ्यात तर नक्कीच नाही, लांडोर जमिनीवरच अंडी घालते, गवतात पाय पडला तर आपल्याला कळणार पण नाही.

जायच्या आधी वनविभागाकडं परवानगीची चौकशी करा. पडलेली मोरपिसं दिसतात, लेकरं हट्ट करतात, पण अभयारण्यातनं काही उचलून आणायचं नसतं, पीस पण नाही, हे त्यांना घरीच समजावून ठेवा. सीताफळाचं पण तसंच, ऑक्टोबरात गेलात तर बाहेर रोडला विकत घ्या, बीडच्या सीताफळाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, चवीला तोड नाही.

दुपार मोकळी राहते, तेव्हा पावसाळ्यात किंवा नंतर लगेच गेला असाल तर पाटोद्याच्या पुढं सौताड्याला रामेश्वराचं दर्शन नि विंचरणा नदीचा धबधबा जोडून टाका. हिवाळा सरल्यावर तिथं धार नसते, मग परतीला मांजरसुंब्याला रबडी खाऊन सरळ घर गाठा. माझ्याकडून 5 पैकी साडेचार.