सिंगर १५ पायमशीन: टीप एक नंबर, झिगझॅग विसरा

लोक विचारतात हे धूड अजून कशाला ठेवलंय, तर सरळ सांगते, जीन्सचे चार पदर एकावर एक आले तरी ही कुरकुर न करता टीप मारते, आणि मोटर नाही त्यामुळे लाईट गेली तरी काम चालूच. सुई आजच्या घरगुती मशीनचीच लागते, पाकिटावर नंबर १५×१ किंवा १३०/७०५ एच, दोन्ही एकच, पार्टसाठी फार वणवण नाही.

पण फक्त सरळ टीप हं. होजिअरीचे टीशर्ट हिच्यावर नकोच, कापड ताणलं की टीप तटकन तुटते. मशीनच्या चाकावरचा चामड्याचा पट्टा ढिला झाला की जरासा कापून पिन परत लावायची, झालं. तेल मात्र मशीनचंच, खायचं तेल घातलंत तर चिकट होऊन जाम होणार.

खरी मजा जुन्या कपड्यात. शर्टाची कॉलर घडीवर विरली की पूर्वी ती उलटवायचे, टाकायचे नाहीत. कॉलर जिला जोडलेली असते त्या गळपट्टीवरची टीप हलक्या हाताने उसवायची, कॉलर फिरवून विरलेली बाजू खाली घ्यायची आणि जुन्या भोकांच्या रेषेवरूनच परत टीप, शर्ट पुन्हा ऑफिसला घालण्यासारखा! चादर मध्ये विरली तर मधोमध उभी फाडून बाहेरच्या चांगल्या कडा एकमेकींना जोडायच्या, शिवण थोडी टोचते पण चालतं.

घेणार असाल तर स्टँड बिडाचं असतं, उचलायला दोघं लागतात, वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी जिना मोजा.