गूळ एक नंबर, पण तोडणीचा हिशोब पण दाखवा (३ स्टार)

आधी गुळाबद्दल. डिसेंबरात एक किलोच्या पाच ढेपा मागवल्या, कुरिअर धरून किलोला १४० पडले, जरा महाग वाटलं पण माल खरंच चांगलाय. रंग गडद तपकिरी, म्हणजे पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस हे केमिकल मारलेलं नाही, मळी काढायला भेंडी वापरतात, चहात टाकला तर दूध फाटलं नाही. आईने संक्रांतीला गुळाच्या पोळ्या केल्या, सारण अजिबात दगडासारखं झालं नाही. काकवीची बाटली पण घ्याच, भाकरीबरोबर भारी लागते.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. पाकिटावर केमिकल नाही, फवारणी नाही, शेणखत, सगळं लिहिलंय, फक्त ऊस कुणी तोडला ते नाही. माझं आजोळ बीड जिल्ह्यातलं, धारूर तालुक्यातलं. दिवाळी झाली की अर्धं गाव गाड्या भरून साखर कारखान्याला ऊस तोडायला जायचं, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी मागं राहायची. त्यामुळे ऊस म्हणलं की मला आधी कोयता आठवतो. म्हणून व्हॉट्सॲपवर विचारलं, दादा तोडणीला मजुरांची टोळी कुठली असते, आगाऊ उचल किती देता? उत्तर आलं, ताई आपला गूळ १०० टक्के केमिकल फ्री आहे. तीनदा विचारलं, तीनदा तेच.

जानेवारीच्या शेवटी कोल्हापूरला लग्न होतं तेव्हा सरळ गुऱ्हाळावर गेले. मालकांनी सगळं मनापासून दाखवलं हे कबूल, गुळव्याने कढईतला गरम गूळ काढून हातावर दिला, ती चव विसरणार नाही. पण टोळीचं विचारलं की एकच, ते मुकादम बघतो, आपला व्यवहार मुकादमाशी, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराशी.

मागे उसाच्या फडाच्या कडेला आठ कोप्या होत्या, म्हणजे टोळीच्या झोपड्या. एक बाई चुलीपुढे बसलेली, पहाटे चारला फडात जाऊन आलेली. माझं बोलणं ऐकून कुठल्या गावच्या ओ ताई म्हणाली, तर आमच्याकडचीच निघाली. तिने वही दाखवली. साधी शंभर पानी वही, एका पानावर त्या जोडीचं सगळं: उचल ८०,०००, खाली किराणा, दवाखाना, आणि तीन ठिकाणी नुसतं 'खाडा' आणि पुढे ५००, म्हणजे कामाचा दिवस बुडाल्याचा दंड. एक खाडा पोरगी तापाने फणफणली होती म्हणून, दोन पाळीच्या त्रासात हिला उठवेना म्हणून. कर्ज किती ते तिच्या वहीत होतं, पण ऊस किती भरला, फिटलं किती, ते पान मुकादमाकडे.

तुम्हीच हिशोब करा. जानेवारी २०२४ मध्ये कारखाने आणि ऊसतोड संघटनांचा करार झाला, ३४ टक्के वाढ मिळून टनाला ३६६ रुपये झाले, मालक म्हणाले आम्ही पण तोच दर देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवसाला दोन टन धरा, म्हणजे दोघांचे ७३२. नुसते ८०,००० फिटायला एकही खाडा न होता ११० दिवस लागतात, किराणा वेगळाच, आणि हंगामच मुळात चार-पाच महिन्यांचा. मधे कुणी आजारी पडलं की पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी बाकी राहतेच, ती पुढच्या वर्षावर जाते, आणि बाकी आहे तोवर दुसऱ्या मुकादमाकडे जायची सोय नाही. याला वेठबिगारीच म्हणतात, १९७६ च्या कायद्याने ती बंद आहे, आणि १९८२ ला एशियाडच्या कामगारांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही पण घटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरीच.

आणि पाळीच्या खाड्याला साधं समजू नका. २०१९ ला नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली, बीडमधल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. खाडा पडू नये, मागे काही दुखणं राहू नये म्हणून ऐन तिशीत ऑपरेशन. माझ्या आईची चुलत बहीण त्यातलीच, तिचे गुडघे आणि कंबर आता कामातून गेलेत.

२०२४ ला न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या या साखरेवर मोठी बातमी केली, तेव्हा धागा पार कोक-पेप्सीपर्यंत गेला. त्यांच्यात आणि फडात कितीतरी हात आहेत. दादा, तुमच्याकडे मधे एकच मुकादम आहे आणि कोप्या तुमच्या कढईपासून शंभर पावलांवर आहेत.

हे सगळं मी तिथेच मालकांना बोलले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले मी ही वही कधी उघडूनच बघितली नाही. माझा विश्वास आहे त्यांच्यावर. फेब्रुवारीत त्यांचाच फोन आला की खाडा बंद केलाय, आणि वजनाची पट्टी दर शनिवारी ज्या त्या जोडीच्या हातात देतोय. म्हणून तीन स्टार, नाहीतर एकच देणार होते. संडास अजून नाही, बायका अंधारात उसात जातात. उचल अजून मुकादमाच्याच हातून जाते, बायकोच्या नावावर बँकेत काहीच नाही. ही दोन कामं झाली की स्टार वाढवते.

घेणाऱ्यांना एवढंच सांगते, ऑर्डर बंद करू नका, त्याने टोळीचंच काम जाईल. पण ऑर्डर देताना एक ओळ टाका, शनिवारची पट्टी दिली का म्हणून. मी टाकते. परवा दोन किलो मागवला तर मी विचारायच्या आधीच पट्टीचा फोटो आला, नावावर बोट ठेवून काढलेला. १२ टन ८०० किलो, दर ३६६, उचलीत जमा ४,६८४. खाड्याचा रकाना कोरा होता.