कॅरियरवरच्या ब्रेक लाईटचं काम असं करतात!

माझी ओम्नी 2012 ची. मंडपाचा धंदा आहे, लग्नसराईत गाडी चाळीसगावहून कधी कन्नड तर कधी धुळे, रोज पळते. ओम्नीचे मागचे दिवे खाली आहेत. धुळे रोडला कापसाची भरलेली गाडी मागे चिकटली की वर बसलेल्या ड्रायव्हरला ते दिसत नाहीत. म्हणून टपावरच्या कॅरियरला मागून आणखी दोन ब्रेक लाईट लावायचे ठरवले.

पहिल्यांदा हे काम दुसरीकडे केलं होतं. दुकानाचं नाव घेत नाही. त्यांनी ब्रेक लाईटची मूळ वायर सोलून तिलाच नवी वायर पिळली, वरून काळी टेप गुंडाळली आणि वीस मिनिटांत मोकळे झाले. तीन आठवडे चाललं. मग एका रात्री कन्नडचं काम आटोपून घाट उतरलो, तर पायथ्याशी मागच्या पिकअपवाल्याने हॉर्न देऊन थांबवलं. "दादा, तुमचा एकबी ब्रेक लाईट लागत नाही." वरचे दोन गेले ते गेले, खालचेही गेले होते. मागे कनातीच्या ढिगावर माझी कामाची दोन पोरं झोपलेली. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी ज्याच्याकडे गेलो त्याच्याबद्दल हे लिहितोय. धुळे रोडला निंबाखाली दुकान आहे, पाटीवर नुसतं 'ऑटो इलेक्ट्रिशियन'. मिस्तरीने आधी पेडलजवळचा ब्रेक स्विच काढून माझ्या हातावर ठेवला. आतले पॉइंट काळे पडलेले, प्लॅस्टिक एका बाजूने पाघळलेलं. ब्रेकचा एक बल्ब 21 वॅटचा, मूळचे दोन मिळून 42 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर. मी त्यात आणखी दोन जोडले, लोड थेट सातवर गेला. घाटात ब्रेकवरचा पाय निघत नाही, आणि हा सगळा करंट त्या बोटभर स्विचमधून जात होता.

त्याने नवा स्विच टाकला आणि वरच्या दिव्यांसाठी रिले बसवला, म्हणजे आतल्या कॉइलला थोडा करंट मिळाला की मोठा करंट जोडणारा स्विच. बॅटरीजवळ 10 अँपिअरचा फ्यूज, तिथून जाड वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला, 87 वरून कॅरियरच्या दिव्यांना. ब्रेकची मूळ वायर फक्त 86 ला, रिलेची कॉइल ओढण्यापुरती. कॉइलला लागतो अँपिअरचा पाचवा हिस्सा, फार तर. त्यामुळे पेडलच्या स्विचवर आता जवळपास कंपनीचाच लोड आहे.

मला बंद करायचं बटनही हवं होतं. कॅरियर काढून ठेवला की दिव्यांचा प्लग मागे लोंबकळतो, त्यात करंट नको. मी म्हटलं, 86 च्या वायरीत टाका, सोपं पडेल. त्याने मान हलवली आणि बटन 85 ला, म्हणजे कॉइलच्या अर्थच्या (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या) बाजूला टाकलं. कारण विचारलं तर म्हणाला, "नाना, वायर बॉडीले लागनी तरी वरना दिवा लागी, बस. खालना दिवासले काहीच व्हवाव नही." हेच बटन 86 वर असतं आणि वायर घासून पत्र्याला टेकली असती, तर मूळ ब्रेक लाईटचा फ्यूज उडाला असता. म्हणजे पुन्हा घाटात अंधार. एवढा पुढचा विचार करणारा माणूस मी या कामात पहिल्यांदा पाहिला.

हातही स्वच्छ आहे. अर्थसाठी पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, मग थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) कसली, वरून ग्रीस. प्रत्येक जोडावर स्लीव चढवून गरम केली, टेप कुठेही नाही. शेवटी वरच्या दिव्यांचा फ्यूज काढून मला ब्रेक दाबायला लावला आणि खालचे दोन्ही लागतात हे मागे नेऊन दाखवलं. त्यासाठी पेडलवर माझ्याऐवजी पोराला बसवलं.

स्विच, रिले, वायर, मजुरी धरून 1150 रुपये झाले. पहिल्या ठिकाणी 300 दिले होते. तक्रार एकच: बटन डॅशबोर्डखाली इतकं आत लावलंय की चालू आहे की बंद ते वाकून बघावं लागतं. त्यात बारीक दिवा असलेलं बटन हवं होतं, मीच आधी सांगायला पाहिजे होतं.

पावसाळा अख्खा गेला, कन्नडच्या चौदा-पंधरा फेऱ्या झाल्या, एकदाही बिघाड नाही. निघण्याआधी बटन चालू करून ब्रेक दाबतो, रिलेचा टक असा आवाज आला की गिअर टाकतो.

काम अडीच तासांचं आहे. सकाळी नऊलाच जा, दुपारी ट्रॅक्टरवाल्यांची रांग लागते. आणि 10 अँपिअरचा एक फ्यूज जास्तीचा मागून घ्या, तो पैसे न घेता देतो.